एकशे दहा अंशांचं कोडं

१३ डिसेंबर २०२२ रोजी एएमडी कंपनीचं ‘रॅडिऑन आरएक्स ७९०० एक्सटीएक्स’ हे ग्राफिक्स कार्ड बाजारात आलं. किंमत ९९९ डॉलर, विजेची भूक ३५५ वॅट. महिना संपायच्या आत तक्रारी सुरू झाल्या. खेळ सुरू केला की काही कार्डांच्या चिपवरचा सगळ्यात गरम ठिपका ११० अंश सेल्सिअसला जाऊन टेकायचा, पंखे ओरडायला लागायचे आणि चित्राचा वेग पडायचा. चमत्कारिक भाग असा, की त्याच क्षणी त्याच चिपचं नेहमीचं तापमान कितीतरी खाली, अगदी सभ्य आकड्यावर असायचं.

‘डेर बाउअर’ या नावाने ओळखला जाणारा जर्मन ओव्हरक्लॉकर रोमान हार्टुंग याने तक्रारीची अशी काही कार्डं मिळवली. नेहमीचे संशयित म्हणजे चिप आणि तिची उष्णता शोषणारा धातूचा हीटसिंक यांच्यामधली पेस्ट नीट लागलेली नसणं, स्क्रूचा दाब कमी पडणं, हीटसिंकचा पृष्ठभाग सपाट नसणं. यातल्या कशानेच पुरतं उत्तर मिळेना. मग त्याने कार्ड बसवलेला चाचणीचा सांगाडाच फिरवला. कार्ड उभं असताना तापमान ठीक होतं. कॅबिनेटमध्ये बसतं तसं आडवं केलं की आकडा ११० कडे धावायचा. पुन्हा उभं केलं, तरी तो लगेच उतरायचा नाही.

कार्ड कसं धरलंय यावर तापमान ठरत असेल तर दोष पेस्टमध्ये असू शकत नाही; पेस्टला वर-खाली कळत नाही. कळतं ते पाण्याला. या कार्डाच्या हीटसिंकमध्ये ‘व्हेपर चेंबर’ होता. व्हेपर चेंबर म्हणजे तांब्याची चपटी, हवाबंद डबी. तिच्यातली हवा काढून घेतलेली असते आणि आत पाणी असतं तेही जेमतेम. चिपजवळ पाण्याची वाफ होते, पलीकडच्या थंड बाजूला जाऊन तिचे थेंब होतात, जसे भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाला आतून धरतात. मग आतल्या जाळीदार अस्तरातून ते पाणी पुन्हा चिपकडे झिरपतं. पाणी कमी पडलं तर चिपजवळची जागा कोरडी पडते आणि उष्णता पुढे न्यायला कोणी उरत नाही. जानेवारी २०२३ मध्ये एएमडीचे अधिकारी स्कॉट हर्कलमन यांनी नेमकं हेच मान्य केलं: काही व्हेपर चेंबरमध्ये पाणी पुरेसं भरलं गेलं नव्हतं. कंपनीने ती कार्डं बदलून द्यायची तयारी दाखवली.

कार्ड तापलं की घरोघरी पहिला प्रश्न येतो, “किती डिग्री?” आकडा कळला की आंतरजालावरच्या दुसऱ्या कुणाच्या आकड्याशी तो जुळवून पाहिला जातो आणि पेस्टची नळी मागवली जाते. हार्टुंगने वेगळं केलं. गरम ठिपका आणि चिपचं नेहमीचं तापमान या दोन आकड्यांमधलं अंतर पाहिलं आणि एका वेळी एकच गोष्ट बदलली. तापलेल्या कार्डाचं निदान एवढ्यावरच चालतं, आणि ते घरच्या टेबलावरही करता येतं.

व्हूडू ते पाचशे पंचाहत्तर

ग्राफिक्स कार्ड जेवढी वीज घेतं तेवढी जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. १९९६ मध्ये ‘थ्रीडीएफएक्स’चं व्हूडू कार्ड आलं तेव्हा पंखा सोडाच, त्याच्या चिपवर साधा हीटसिंकही नव्हता. २००३ च्या ‘जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा’वर एनव्हिडियाने बसवलेला पंखा इतका गोंगाट करायचा, की लोकांनी त्याला ‘डस्टबस्टर’ या हातातल्या व्हॅक्यूम क्लीनरचं नाव दिलं. पुढे खुद्द कंपनीनेच स्वतःची टिंगल करणारा व्हिडिओ काढला. मार्च २०१० चं ‘जीटीएक्स ४८०’ २५० वॅट घ्यायचं आणि परीक्षकांच्या टेबलावर नव्वदीच्या पुढे जायचं. त्यावर अंडी तळण्याचे विनोद वर्षभर चालले. त्याच वर्षी नोव्हेंबरात आलेल्या ‘जीटीएक्स ५८०’ला कंपनीने व्हेपर चेंबर दिला आणि विनोद थांबले.

२०१३ मध्ये एएमडीने ‘आर९ २९०एक्स’ आणलं आणि ते ९५ अंशांवर चालणं हा बिघाड नाही, ते तसंच बनवलंय, असं सांगितलं. २०१९ मध्ये तिने नव्या कार्डांच्या सगळ्यात गरम ठिपक्यासाठी ११० अंशांपर्यंतचा आकडा अपेक्षित असल्याचं जाहीर केलं. म्हणजे ७९०० एक्सटीएक्सवर दिसलेले ११० अंश कागदोपत्री मर्यादेतच होते, तरी कार्ड सदोष होतं.

आता आकडे आणखी वर गेलेत. २०२२ चं ‘आरटीएक्स ४०९०’ ४५० वॅटचं आहे, २०२५ चं ‘आरटीएक्स ५०९०’ ५७५ वॅटचं. ४०९० ची चिप सुमारे सहा चौरस सेंटीमीटरची, म्हणजे अंगठ्याखाली झाकली जाईल एवढ्या जागेतून चारशे-साडेचारशे वॅट बाहेर काढायचे. उलट ‘जीटीएक्स १०५० टीआय’ किंवा ‘१६५०’सारखी ७५ वॅटची कार्डं मदरबोर्डच्या खाचेतून मिळणाऱ्या विजेवरच भागवतात. भारतातल्या असंख्य घरांत अजून हीच चालू आहेत. ती तापली तर कारण बहुधा चिपच्या ताकदीत नसतं, धुळीत किंवा थकलेल्या पंख्यात असतं.

आजचं कार्ड सहसा जळत नाही. मर्यादा जवळ आली की ते स्वतःच आपला वेग पायरी-पायरीने उतरवतं. म्हणून खरी लक्षणं अशी दिसतात: पहिली दहा मिनिटं खेळ सुरळीत चालतो, मग अडखळतो, आणि पंख्याचा आवाज चढतो. त्यापुढे स्क्रीन काळी होते किंवा ड्रायव्हर बंद पडतो. पण पूर्ण संगणकच फटकन बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल, तर कार्डाइतकाच संशय संगणकाला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसवर घ्यायला हवा. मोठी कार्डं क्षणभरासाठी नेमून दिलेल्या वॅटच्या बरीच वर उडी मारतात. कमकुवत एसएमपीएस अशा वेळी स्वतःला वाचवण्यासाठी वीज तोडतो. तापमानाशी त्याचा काही संबंध नसतो.

दोन वजाबाक्या

विंडोज १० च्या मे २०२० च्या आवृत्तीपासून टास्क मॅनेजरमध्येच ग्राफिक्स कार्डाचं तापमान दिसतं. निदानासाठी मात्र ‘जीपीयू-झेड’ किंवा ‘एचडब्ल्यूइन्फो’सारखा फुकट मिळणारा प्रोग्रॅम घ्यावा, कारण त्यात चिपचं तापमान, हॉटस्पॉट (म्हणजे तोच सगळ्यात गरम ठिपका), मेमरी, पंख्याचे फेरे आणि वॅट हे सगळे आकडे वेगवेगळे दिसतात. नेहमीचाच एखादा खेळ, त्यातला तोच प्रसंग, वीस मिनिटं चालवायचा. ‘फरमार्क’सारखी चाचणी कार्डाला रोजच्या वापरात कधी न येणाऱ्या ताणाखाली ठेवते. जुन्या कार्डावर ती फार वेळ चालवण्यात शहाणपण नाही.

मग दोन वजाबाक्या. पहिली: चिपचं तापमान वजा खोलीचं तापमान. दुसरी: हॉटस्पॉट वजा चिपचं तापमान.

दुसरीचं उत्तर दहा-पंधरा अंशांच्या आसपास असेल तर चिप आणि हीटसिंक यांचं नातं ठीक आहे. ते पंचवीस-तीसच्या पुढे गेलं तर उष्णता चिपवरच अडते आहे: पेस्ट सुकली, बाजूला सरकली, एखादा स्क्रू ढिला आहे, किंवा ७९०० एक्सटीएक्ससारखा आतलाच दोष आहे. दुसरी वजाबाकी नेमस्त, पण पहिली पूर्वीपेक्षा वाढलेली असेल तर उष्णता हीटसिंकपर्यंत नीट पोचते आहे, तिथून हवेत जात नाही. धूळ, पंखा किंवा कॅबिनेट तपासायचं. दोन्ही वजाबाक्या पूर्वीइतक्याच असून कार्ड गरम असेल, तर बिघाड कार्डात नाही, खोलीत आहे. २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेपासून एनव्हिडियाने हॉटस्पॉटचा आकडा ग्राहकाला दाखवणं बंद केलं. त्या कार्डांच्या मालकांना दुसरी वजाबाकी करता येत नाही.

आणखी एक घोटाळा नेहमी होतो. हल्लीच्या बहुतेक कार्डांचे पंखे साधारण पन्नास-साठ अंशांपर्यंत फिरतच नाहीत. संगणक नुसता सुरू असताना थांबलेला पंखा पाहून तो बिघडला असं ठरवू नये. खेळ सुरू करून पाहावं. तेव्हाही एखादाच पंखा थांबलेला असेल किंवा घरघरत असेल तर त्याचं बेअरिंग गेलंय.

खोली, कप्पा आणि मे महिना

परदेशी परीक्षणं वीस ते पंचवीस अंशांच्या खोलीत केलेली असतात. तिथे सत्तरवर स्थिरावणारं कार्ड म्हणजे खोलीपेक्षा ४५ ते ५० अंशांनी वर. हेच कार्ड मे महिन्यात अकोल्याच्या, नागपूरच्या किंवा चंद्रपूरच्या घरात, खोलीतच चाळीस अंश असताना सुरू केलं, तर हिशोबाने ते ८५ ते ९० ला जाणार. कार्ड तेच, वजाबाकीही तीच. पंखा कितीही जोरात फिरला तरी कार्डाला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. विदर्भातल्या वापरकर्त्याने उन्हाळ्यात पेस्ट बदलून ‘काही फरक पडला नाही’ असं म्हणावं, यात नवल नाही.

आपल्याकडच्या संगणक टेबलाची रचना ही आणखी एक अडचण. डाव्या-उजव्या बाजूला ‘सीपीयू’साठी लाकडी कप्पा असतो, पुढे दार, मागे अर्धी फळी. कार्डाने बाहेर टाकलेली गरम हवा त्या कप्प्यातच फिरते आणि पंखा तीच पुन्हा ओढून घेतो. हे ओळखायला पैसे लागत नाहीत. कॅबिनेट कप्प्यातून बाहेर काढायचं, तोच खेळ तितकाच वेळ चालवायचा. मग कॅबिनेटची बाजूची पत्र्याची किंवा काचेची झडप काढून पुन्हा एकदा. झडप काढताच तापमान पाच-सात अंशांनी उतरलं तर कार्ड निर्दोष आहे, कॅबिनेटला हवा कमी पडते आहे. समोर हवा आत ओढणारा एक आणि मागे बाहेर फेकणारा एक, असे दोन साधे पंखे हा त्यावरचा उपाय, आणि तो नव्या कार्डापेक्षा कितीतरी स्वस्त. झडप कायमची उघडी ठेवणं मात्र बरं नाही. धूळ, पाली आणि लहान मुलांची बोटं, तिन्ही आत जातात.

ब्लोअर आधी, स्क्रूड्रायव्हर नंतर

धुळीचा थर हीटसिंकच्या पात्यांमध्ये, पंख्याच्या मागे बसतो, म्हणून वरून पाहिलं तर कार्ड स्वच्छच दिसतं. संगणक बंद करून, वायर काढून, हातातल्या ब्लोअरने किंवा मऊ ब्रशने ती काढावी. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवावं. हवेच्या झोताने पंखा प्रमाणाबाहेर वेगाने फिरला तर बेअरिंग खराब होतं आणि फिरणारी मोटर उलटी वीजही तयार करते. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरचा मोह टाळावा, त्या नळीतून हवेबरोबर पाण्याचे कणही येतात.

धूळ काढल्यावरही दुसरी वजाबाकी मोठीच राहिली, तरच कार्ड उघडायचा विचार करावा. चिप आणि तांबं दोन्ही दिसायला गुळगुळीत असली तरी त्यांच्यामध्ये सूक्ष्म फटी राहतात आणि फटींत हवा असते. तांब्याच्या तुलनेत हवा उष्णता वाहून नेण्यात सुमारे पंधरा हजार पट दुबळी. पेस्टचं काम ती हवा हुसकावण्याचं. चिप रोज तापते, निवते, किंचित फुगते-आकसते, आणि त्या हालचालीने पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते. पेस्टऐवजी अलीकडे हनीवेलच्या ‘पीटीएम ७९५०’सारखा पातळ पापुद्रा लावायची पद्धत रुजते आहे. तो साधारण ४५ अंशांना मऊ होऊन फटी भरतो आणि पेस्टसारखा लवकर सरकत नाही.

पेस्टपेक्षा जास्त घात होतो तो थर्मल पॅडमुळे. मेमरी आणि वीज सांभाळणारे भाग यांच्यावर हे पॅड असतात आणि एकाच कार्डावर त्यांची जाडी वेगवेगळी असू शकते. एक मिलिमीटरच्या जागी दीडचा पॅड बसवला तर हीटसिंक त्या बाजूला उचलला जातो आणि चिपवर टेकतच नाही. दुरुस्तीनंतर कार्ड आधीपेक्षा जास्त तापतंय, अशी तक्रार असेल तर पहिला संशय यावर घ्यावा. शिवाय कार्ड उघडण्याआधी वॉरंटीच्या अटी वाचाव्यात. वॉरंटी चालू असेल आणि दुसरी वजाबाकी मोठी असेल, तर स्क्रूला हात न लावता आकड्यांचे स्क्रीनशॉट घेऊन कार्ड कंपनीकडे पाठवणं शहाणपणाचं. ७९०० एक्सटीएक्सच्या ग्राहकांनी पेस्ट कितीही वेळा बदलली असती, तरी डबीत पाणी वाढलं नसतं.

दोष सॉफ्टवेअरचा

स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी आणखी एक प्रश्न विचारावा: हे कालपासूनच सुरू झालं का? अचानक सुरू झालेली तापाची तक्रार बऱ्याचदा ड्रायव्हरमधून येते. मार्च २०१० मध्ये एनव्हिडियाला १९६.७५ क्रमांकाचा ड्रायव्हर मागे घ्यावा लागला, कारण तो घेतल्यावर काही कार्डांच्या पंख्याचा वेग वाढतच नव्हता. नोव्हेंबर २०१५ मध्ये एएमडीच्या ‘क्रिमसन’ ड्रायव्हरने काही कार्डांचे पंखे २० टक्क्यांवर बांधून ठेवले, आणि कंपनीला काही दिवसांत दुरुस्ती काढावी लागली. दोन्ही वेळा कार्डं आणि पेस्ट धडधाकट होती.

खेळही जबाबदार असतो. २०१० मध्ये ‘स्टारक्राफ्ट २’ आला तेव्हा त्याच्या काही साध्या, जवळजवळ स्थिर पडद्यांवरच कार्डं तापायला लागली. कार्डाला काम इतकं कमी, की ते सेकंदाला शेकडो चित्रं रंगवत बसायचं, कुणी थांबवणारं नव्हतं. ब्लिझर्ड कंपनीने फाइलमध्ये दोन ओळी लिहून चित्रांचा वेग बांधायचा उपाय सांगितला. हा उपाय आजही तितकाच चालतो. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर सेकंदाला दोनशे चित्रं काढून फायदा नाही. मर्यादा ६० वर आणली की वॅट उतरतात आणि त्याबरोबर तापमान.

त्यापुढची पायरी म्हणजे ‘एमएसआय आफ्टरबर्नर’सारख्या प्रोग्रॅममधून कार्डाची वीजमर्यादा खाली आणणं. हार्टुंगने आरटीएक्स ४०९० ची मर्यादा सत्तर टक्क्यांवर आणून दाखवलं, की खेळातला वेग जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास घटतो. कारण कंपन्या शेवटच्या काही टक्के वेगासाठी विजेचा मोठा वाटा खर्च करतात. उन्हाळ्यापुरती ही मर्यादा ऐंशी टक्क्यांवर ठेवली, तर मराठवाड्यातल्या आणि विदर्भातल्या बहुतेक घरांचा प्रश्न पेस्टच्या नळीविना सुटेल.

आकड्यात न दिसणारी उष्णता

चिपचं तापमान नेमस्त असूनही कार्ड मरू शकतं. २०२० च्या आरटीएक्स ३०९० वर मेमरीच्या २४ चिप होत्या. त्यातल्या १२ कार्डाच्या पाठीवर, जिथे पंख्याची हवा पोचत नाही. मुख्य चिप साठीत असताना ही मेमरी ११० अंशांना टेकलेली सापडायची, विशेषतः क्रिप्टो-मायनिंग करताना. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या क्रिप्टोचलनाने मायनिंगची पद्धत बंद केली आणि अशी थकलेली कार्डं जगभर जुन्या बाजारात आली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत जुनं कार्ड घेताना विक्रेत्याला मुख्य तापमानाबरोबर मेमरीचं तापमानही दाखवायला सांगावं, आणि तेही वीस मिनिटं चालवून.

जुलै २०२१ मध्ये ॲमेझॉनच्या ‘न्यू वर्ल्ड’ या खेळाच्या चाचणीत काही ३०९० कार्डं बंद पडली. दोष खेळाला दिला गेला. कार्डं बनवणाऱ्या ईव्हीजीए कंपनीने आपली सुमारे दोन डझन कार्डं तपासली तेव्हा वीज सांभाळणाऱ्या भागांचं कच्चं सोल्डरिंग सापडलं. वर्षभरानंतर ४०९० चे वीज जोडणारे प्लग वितळल्याच्या बातम्या आल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये एनव्हिडियाने जगभरातून सुमारे पन्नास तक्रारी आल्याचं सांगितलं आणि प्लग पूर्ण आत न बसवणं हे मुख्य कारण दिलं. प्लगमधली ही उष्णता कार्डाच्या कुठल्याच तापमान-आकड्यात दिसत नाही. प्लॅस्टिक जळाल्याचा वास आला, तर आकडे पाहत बसू नये. भिंतीवरचं बटण बंद करावं.

बंद पडलेलं कार्ड ओव्हनमध्ये ‘भाजून’ जिवंत करण्याचा एक उपाय वर्षानुवर्षं सांगितला जातो. त्याचा उगम खऱ्या दोषात आहे. तापून-निवून चिपखालची सोल्डरची जोडणी तडकते. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० चं हेच झालं होतं, आणि जुलै २००७ मध्ये कंपनीने त्यापोटी शंभर कोटी डॉलरहून अधिक रकमेची तरतूद केली होती. भाजल्याने तडा तात्पुरता मिटतो, कार्ड काही दिवस चालतं आणि पुन्हा मरतं. ज्या ओव्हनमध्ये केक होतो, त्यात मात्र प्लॅस्टिकचा आणि सोल्डरच्या रसायनांचा धूर राहून जातो. हे करू नये.

हा अंक हातात पडेल तेव्हा दिवाळीची झाडलोट आटोपलेली असेल, आणि बहुतेक घरांत कॅबिनेट तेवढं राहून गेलं असेल. सुट्टी संपायच्या आत ब्लोअर मारून घ्यावा. मग वीस मिनिटं खेळ चालवून चार आकडे कागदावर लिहावेत: खोली, चिप, हॉटस्पॉट, मेमरी. खाली तारीख घालून तो कागद कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवावा. मे महिन्यात पंखे ओरडायला लागले की बाजाराची वाट धरण्याआधी तो कागद पाहावा आणि दोन्ही वजाबाक्या नव्याने कराव्यात.